अर्ज, प्रश्न आणि विधेयक : राम नाईक ह्यांची संसदीय कारकीर्द

१. विषयप्रवेश

संसदीय लोकशाहीचा इतिहास लिहू लागले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम मंत्रिमंडळांच्या उदयास्ताकडे, गाजलेल्या वादविवादांकडे आणि ज्यांच्या वक्तृत्वाने सभागृह दणाणून गेले अशा थोड्या व्यक्तींकडे वळते. हे स्वाभाविक असले तरी पुरेसे नाही. सभागृहाच्या कामाचा फार मोठा भाग तारांकित प्रश्न, अर्ध्या तासाची चर्चा, अशासकीय विधेयक, समित्यांचे अहवाल व विनंती अर्ज ह्यांनी व्यापलेला असतो. ही साधने सर्वच सदस्यांच्या हाती सारखी असतात. ती चिकाटीने वापरणारे मात्र विरळा. ज्याच्या हाती सत्ता नाही अशा सदस्याला ह्या साधनांच्या बळावर काय साधता येते आणि काय साधता येत नाही, हा संसदीय इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय.

ह्या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मुंबईच्या उपनगरांतून पुढे आलेल्या राम नाईक ह्यांची कारकीर्द विशेष उपयोगी आहे. १९७८ ते १९८९ ह्या काळात बोरिवली मतदारसंघातून तीन वेळा विधानसभेवर, १९८९ ते २००४ ह्या काळात उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा लोकसभेवर, १९९८ पासून राज्यमंत्री, १९९९ ते २००४ पेट्रोलियम व नैसर्गिक वायू खात्याचे मंत्री आणि २०१४ ते २०१९ उत्तर प्रदेशाचे राज्यपाल, असा तिचा विस्तार आहे. पदांची ही मालिका मोठी असली, तरी ज्या गोष्टींमुळे भारतीय संसदेच्या इतिहासात त्यांचे नाव घ्यावे लागते, त्यांपैकी बहुतेक त्यांच्या हाती कोणतेही मंत्रिपद नसताना घडल्या. असे का घडले, ह्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. उपनगर : शब्द आणि स्थिती

‘उपनगर’ हा शब्द संस्कृत घडणीचा असून त्यातील ‘उप’ ह्या उपसर्गात सामीप्याबरोबरच गौणत्वाचीही छटा आहे. मुंबईच्या बाबतीत ही छटा केवळ कोशातली राहिली नाही. मुंबई उपनगर जिल्हा प्रथम १९२० साली निर्माण झाला. पुढे १९५० साली बृहन्मुंबईची हद्द जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली ही गावे अशा रीतीने महानगरात आली, पण महापालिकेचे मुख्यालय, मंत्रालय, न्यायालये, पेढ्या व कचेऱ्या दक्षिण टोकालाच राहिल्या. उपनगर हा स्वतंत्र जिल्हा म्हणून पुन्हा वेगळा झाला तो १९९० साली. उपनगरातील जुनी माणसे फोर्टात जावयाचे झाले म्हणजे ‘मुंबईला जातो’ असे म्हणत. पालिकेच्या नकाशात मुंबईकर ठरलेला माणूस बोलताना स्वतःला मुंबईबाहेरचा मानीत होता, एवढे त्या एका वाक्प्रयोगावरून ध्यानात येते.

ह्या दोन टोकांना जोडणारा दुवा म्हणजे लोकल गाडी. कुलाबा ते बोरिवली हा मार्ग ५ जानेवारी १९२८ पासून विजेवर चालू लागला आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत पोचली. त्यानंतर बोरिवली हे टोकाचे खेडे राहिले नाही. येथेही एका शब्दाचा अर्थ बदलला. मराठीत ‘प्रवासी’ म्हणजे देशोदेशी फिरणारा मनुष्य. उपनगरात मात्र दररोज त्याच गाडीने, बहुधा त्याच डब्यातून, त्याच कचेरीकडे जाणारा व संध्याकाळी परतणारा तो ‘प्रवासी’ झाला. त्याच्या जीवनावर ज्यांची सत्ता होती त्यांपैकी एकही त्याच्या जवळचा नव्हता. पाणी फोर्टातल्या महापालिकेच्या हाती, घरबांधणी राज्यशासनाच्या हाती आणि गाडी दिल्लीतल्या रेल्वे मंत्रालयाच्या हाती. स्वतःचे शासन नसलेल्या अशा वस्तीचे राजकारण प्रथमपासूनच मागणीचे राजकारण झाले.

मागणीच्या ह्या राजकारणाच्या दोन पद्धती गोरेगावातच पाहावयास मिळतात. एक पद्धत समाजवादी कार्यकर्त्या मृणाल गोरे ह्यांची. १९६१ साली महापालिकेत निवडून आलेल्या मृणालताईंनी पाण्याच्या प्रश्नावर स्त्रियांना रस्त्यावर आणले, ‘पाणीवाली बाई’ ही पदवी लोकांकडून मिळविली आणि १९७७ साली त्या उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या. त्यांचे साधन मोर्चा हे होते. दुसरी पद्धत अर्जाची, पाठपुराव्याची व नोंदवहीची. ती नाईक ह्यांनी स्वीकारली. दोन्ही पद्धतींमागील विचारसरणी भिन्न होती, परंतु ज्या गरजेतून त्या निघाल्या ती एकच होती.

३. हिशेबनीस ते आमदार

राम नाईक ह्यांचा जन्म १६ एप्रिल १९३४ चा. त्यांचे बालपण आजच्या सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे गेले. वडील शिक्षक होते. आटपाडी त्या काळी औंध संस्थानात मोडत असे, आणि ह्याच संस्थानाने १९३९ साली ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना स्वीकारली होती. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून १९५४ साली बी. कॉम. होऊन नाईक मुंबईस आले व १९५८ साली कायद्याचे पदवीधर झाले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकून आणि नंतर खासगी कंपनीत चिटणीस व मुख्य हिशेबनीस असा त्यांचा उपजीविकेचा क्रम होता. १९६९ साली नोकरी सोडून ते भारतीय जनसंघाचे पूर्ण वेळ कार्यकर्ते झाले आणि मुंबई शाखेच्या संघटनेचे काम पाहू लागले.

ह्यापूर्वीच, १९६४ साली, त्यांनी ‘गोरेगाव प्रवासी संघ’ स्थापन केला होता. स्थानकावरील सोयी, गाड्यांच्या वेळा, डब्यांतील गर्दी असे त्याचे विषय. असा संघ चालविणाऱ्याला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. अमुक गैरसोय कोणत्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत येते हे नेमके शोधून काढणे ही एक, आणि त्या अधिकाऱ्याला उत्तर टाळता येणार नाही अशा शब्दांत मागणी लिहिणे ही दुसरी. ज्याचे तारुण्य हिशेब तपासण्यात गेले त्याला हे कठीण नव्हते. पुढे लोकसभेत त्यांनी जे केले त्याचे बीज येथे दिसते.

१९७८ साली ते जनता पक्षातर्फे बोरिवलीतून विधानसभेवर गेले. १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय जनता पक्षातर्फे त्या वर्षी आणि पुन्हा १९८५ मध्ये ते तेथूनच निवडून आले. आमदारकीपासून दर वर्षी आपल्या कामाचे छापील कार्यवृत्त मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाडला. राज्यपालपदी असतानाही वर्षागणिक असा वृत्तांत प्रसिद्ध करणे त्यांनी सोडले नाही. हिशेब सादर करणे हा त्यांच्या दृष्टीने प्रतिनिधित्वाचाच भाग होता.

४. लोकसभेतील साधने

नाईक ज्या मतदारसंघातून १९८९ साली लोकसभेवर गेले, त्याची परंपरा काही वेगळीच होती. मतदारसंघांच्या सीमा वेळोवेळी बदलल्या असल्या, तरी मुंबईच्या उत्तर भागाचे प्रतिनिधित्व १९५७ व १९६२ साली व्ही. के. कृष्ण मेनन ह्यांनी केले होते. त्यांच्या आणि आचार्य कृपलानींच्या १९६२ मधील लढतीकडे सर्व देशाचे लक्ष लागले होते. त्या निवडणुकीत उपनगर हे राष्ट्रीय वादाचे रणक्षेत्र होते. उपनगराचे स्वतःचे प्रश्न तेथे दुय्यम होते. १९७७ नंतर हे चित्र पालटू लागले आणि १९८९ नंतर पूर्ण पालटले. २००८ च्या पुनर्रचनेपूर्वी वसई-विरारचा भागही ह्याच मतदारसंघात मोडत असल्याने, पश्चिम रेल्वेच्या ज्या पट्ट्यात वस्ती सर्वांत वेगाने वाढत होती, तो बराचसा एका सदस्याच्या वाट्याला आला.

लोकसभेतील त्यांच्या कामाचे तीन नमुने येथे पाहणे इष्ट ठरेल.

पहिला नमुना अर्ध्या तासाच्या चर्चेचा. प्रश्नोत्तराच्या तासात मिळालेले उत्तर अपुरे वाटल्यास सदस्याला त्यावर अर्धा तास चर्चा मागता येते. नियमपुस्तकातील हे एक छोटे साधन आहे. शाळांमध्ये राष्ट्रगीत म्हटले जात नाही, ह्या प्रश्नावरून १९९१ साली नाईक ह्यांनी ते वापरले. चर्चेतून स्वाभाविकच पुढचा प्रश्न निघाला : खुद्द संसदेत ते म्हटले जाते काय? विषय सभापती शिवराज पाटील ह्यांच्या अध्यक्षतेखालील सर्वसाधारण प्रयोजन समितीकडे गेला आणि २४ नोव्हेंबर १९९२ रोजी लोकसभेच्या अधिवेशनाचा आरंभ प्रथमच ‘जन गण मन’ने व २३ डिसेंबर १९९२ रोजी समारोप ‘वंदे मातरम्’ने झाला. ‘वंदे मातरम्’विषयी काही सदस्यांचे आक्षेप होते, हेही नोंदविले पाहिजे. ह्या दोन तारखांच्या मध्ये ६ डिसेंबर १९९२ ही तारीख येते. अयोध्येतील घटनेने सभागृहात आजवरची तीव्रतम फूट पडली त्याच अधिवेशनात ही प्रथा सुरू झाली. ज्या पक्षाकडे त्या घटनेसंबंधी बोट दाखविले जात होते, त्याच पक्षाच्या सदस्याची सूचना सर्वपक्षीय समितीने मान्य केलेली होती. संसदीय कार्यपद्धतीचे बळ आणि तिच्या मर्यादा दोन्ही ह्या योगायोगात दिसतात : पद्धती सहमती घडवू शकते, पण ती सहमती सभागृहाबाहेरच्या घटना थोपवू शकत नाही.

दुसरा नमुना अशासकीय विधेयकाचा. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली विधेयके शुक्रवारी दुपारी विचारात घेतली जातात आणि बहुधा तेथेच विराम पावतात. स्वातंत्र्योत्तर काळात अशी केवळ १४ विधेयके कायद्यात परिणत झाली, आणि त्यांतील शेवटचे १९७० साली. ही संख्या पाहून हे साधन निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि विधेयक संमत होणे हा त्याच्या यशाचा एकमेव प्रकार नव्हे. अर्भकांना स्तनपान मिळावे आणि डब्यातील दुधाच्या जाहिरातींना आळा बसावा ह्यासाठी नाईक ह्यांनी विधेयक मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्येच ह्याविषयी आचारसंहिता केली होती, परंतु भारतात तीस कायद्याचे पाठबळ नव्हते. अखेरीस शासनाने स्वतःचे विधेयक आणले व १९९२ साली शिशुदुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या व शिशुआहार ह्यांचे नियमन करणारा कायदा झाला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. कायद्यावर सदस्याचे नाव नसते, आणि अशा बाबींत श्रेय अनेकांचे असते. डॉक्टर, ग्राहक संघटना व स्वयंसेवी संस्था ह्यांची चळवळ त्यामागे होती. सदस्याचे काम त्या चळवळीला सभागृहाचे दार उघडून देण्याचे होते.

तिसरा नमुना समितीचा. रोखे बाजारातील घोटाळ्याच्या चौकशीसाठी १९९२ साली नेमलेल्या संयुक्त संसदीय समितीत नाईक सदस्य होते आणि १९९५-९६ मध्ये ते लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. ह्या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. ज्याने अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कारकुनी केली, त्याच्यापुढे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल तपासणीसाठी यावेत, हा क्रम लक्षणीय आहे.

५. नावाचा प्रश्न

भाषेच्या अभ्यासकाला नाईक ह्यांच्या कारकीर्दीतील सर्वांत अर्थपूर्ण प्रकरण म्हणजे शहराच्या नावाचे. एकाच शहराला मराठीत व गुजरातीत ‘मुंबई’, हिंदीत ‘बंबई’ आणि इंग्रजीत ‘बॉम्बे’ अशी तीन रूपे होती. परकीय भाषांनी स्थलनामांना आपल्या उच्चारात बसवून घेणे ही जगभरची रीत आहे. मराठी भाषकही ‘लंडन’ मराठी पद्धतीनेच उच्चारतो. म्हणून ‘बॉम्बे’ हे रूप भाषाशास्त्रदृष्ट्या ‘अशुद्ध’ होते असे म्हणता येणार नाही. आक्षेपाचे कारण दुसरे होते. ज्या भाषेत गावाचा कारभार चालतो तिच्यातील रूप हे अधिकृत रूप मानावे, की राज्यकर्त्यांच्या भाषेतले रूप पुढे चालू ठेवावे, हा तो प्रश्न होता. १९६० साली मराठी भाषकांचे राज्य झाले तरी राजधानीचे इंग्रजी नाव तेच राहिले होते, आणि हिंदीत तिसरेच रूप अधिकृतपणे वापरले जात होते.

राज्याचे नाव बदलण्यास संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसदेचा कायदा लागतो. शहराच्या नावासाठी मात्र राज्यशासनाचा प्रस्ताव व केंद्रीय गृहमंत्रालयाची संमती पुरेशी असते. मागणी एका राज्याची आणि मान्यता दिल्लीची असल्याने प्रकरण वर्षानुवर्षे लोंबकळले. ही मागणी पुष्कळांची होती, आणि १९९५ साली राज्यात आलेल्या शिवसेना-भाजप शासनाने ती निर्णायकपणे उचलली. नाईक ह्यांचा वाटा असा की, दिल्लीत हा प्रश्न त्यांनी सतत जागता ठेवला आणि तिन्ही भाषांत एकच रूप असावे हा मुद्दा रेटला. १९९५ साली ‘मुंबई’ हे नाव सर्व भाषांसाठी अधिकृत झाले. त्यामागोमाग १९९६ मध्ये मद्रासचे चेन्नई आणि २००१ मध्ये कलकत्त्याचे कोलकाता झाले. विद्यापीठाचे नाव १९९६ साली बदलले. उच्च न्यायालयाचे मात्र जुनेच राहिले, कारण त्यासाठी संसदेचा कायदा आवश्यक आहे आणि २०१६ साली लोकसभेत मांडलेले तत्संबंधीचे विधेयक संमत झाले नाही. एकाच शहरात विद्यापीठ मुंबईचे आणि उच्च न्यायालय ‘बॉम्बे’चे, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली.

नावाविषयीची ही आस्था पुढेही दिसते. उत्तर प्रदेशाचे राज्यपाल असताना नाईक ह्यांनी डॉ. आंबेडकरांच्या नावाचा हिंदीतील ‘अम्बेडकर’ हा पाठ बदलावा व ‘भीमराव रामजी आंबेडकर’ असे पूर्ण नाव लिहावे असा आग्रह धरला आणि मार्च २०१८ मध्ये तेथील शासनाने तसा आदेश काढला. संविधानाच्या हिंदी प्रतीवरील सही हा त्यासाठीचा आधार होता. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ही मराठी नामपद्धती उत्तर भारतात रूढ नसल्याने ‘रामजी’ ह्या शब्दाला तेथे निराळा राजकीय अर्थ चिकटला आणि विरोधकांनी हेतूविषयी शंका घेतली. दोन भाषिक समाजांच्या नामपद्धतींतील भेदामुळे एक शब्द किती वेगळा ऐकू येतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. खासदार निधी आणि त्याची किंमत

खासदाराला आपल्या मतदारसंघातील कामे सुचविता यावीत ह्यासाठी काही रक्कम असावी, ही मागणी लावून धरणाऱ्यांत नाईक अग्रभागी होते. पंतप्रधान नरसिंह राव ह्यांनी २३ डिसेंबर १९९३ रोजी ती योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी प्रत्येक सदस्यामागे ५ लाख, १९९४-९५ पासून १ कोटी, १९९८-९९ पासून २ कोटी आणि २०११-१२ पासून ५ कोटी रुपये असा तिचा चढता क्रम आहे. १९९८ साली रक्कम दुप्पट झाली, त्या सुमारास योजना व कार्यक्रम अंमलबजावणी खात्याचे राज्यमंत्री नाईकच होते.

उपनगराच्या दृष्टीने ही योजना समजण्यासारखी आहे. तीन दूरच्या सत्तांकडे हात पसरणाऱ्या वस्तीला प्रथमच आपल्या प्रतिनिधीकडून थेट काही मिळू लागले : पादचारी पूल, समाजमंदिर, शाळेची खोली. परंतु तत्त्वाच्या दृष्टीने प्रश्न गंभीर आहे. शासनाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे ज्याचे कर्तव्य, तोच खर्चाचा वाटप करू लागला तर देखरेख कोणी करावयाची? दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने ह्याच कारणास्तव २००७ मध्ये ही योजना रद्द करण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती घटनाबाह्य नाही असा निर्णय दिला. लोकलेखा समितीचा अध्यक्ष आणि खासदार निधीचा पुरस्कर्ता एकच असावा, हा विरोध ध्यानात घेण्याजोगा आहे. सदस्याचे मोल त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून ठरण्याऐवजी त्याने दिलेल्या कामांवरून ठरू लागले, ह्या बदलाला योजनेने हातभार लावला, असे म्हणणे भाग आहे.

७. मंत्रिपदाची वर्षे

मार्च १९९८ मध्ये नाईक रेल्वे राज्यमंत्री झाले. चौतीस वर्षे रेल्वेकडे अर्ज करणारा मनुष्य अर्ज स्वीकारणाऱ्याच्या खुर्चीवर बसला. ह्या काळातील टिकाऊ काम म्हणजे मुंबई रेल्वे विकास महामंडळ. १२ जुलै १९९९ रोजी नोंदलेल्या ह्या कंपनीचे भांडवल २५ कोटी रुपयांचे असून त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के व महाराष्ट्र शासनाचा ४९ टक्के आहे. उपनगरी गाडी ही दिल्लीची, तर तिच्याभोवतीची जमीन व झोपडवस्ती राज्याची, हा जुना पेच सोडविण्याचा तो पहिला संस्थात्मक प्रयत्न होता. बोरिवली-विरार मार्गाचे चौपदरीकरण पुढे ह्याच महामंडळाच्या प्रकल्पातून झाले. गैसाल येथे २ ऑगस्ट १९९९ रोजी झालेल्या भीषण अपघातानंतर नितीशकुमार ह्यांनी राजीनामा दिला तेव्हा, ऑक्टोबरपर्यंत, रेल्वे मंत्रालयाचा भार नाईक ह्यांच्याकडे होता.

ऑक्टोबर १९९९ ते मे २००४ ह्या पेट्रोलियम खात्याच्या काळात घरगुती गॅससाठी खोळंबलेल्या एक कोटीहून अधिक लोकांची प्रतीक्षायादी निकालात काढण्यात आली, पाच किलोचा सिलिंडर आणण्यात आला, १ एप्रिल २००२ पासून तेलाच्या नियंत्रित किमतींची पद्धत संपविण्यात आली आणि जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा आदेश निघाला. शेवटच्या निर्णयाचा संबंध महाराष्ट्रातील साखर कारखान्यांशी उघड आहे.

ह्याच काळात कारकीर्दीतील सर्वांत कठीण प्रसंग आला. पेट्रोल पंप व गॅस वितरणाच्या परवान्यांत राजकीय कार्यकर्त्यांच्या नातलगांवर मेहेरनजर झाल्याचे वृत्त ऑगस्ट २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. निवड वेगवेगळ्या मंडळांकडून झाली होती, असा बचाव झाला तरी गदारोळ शमला नाही आणि पंतप्रधान वाजपेयी ह्यांनी जानेवारी २००० पासूनची सर्व वाटपे रद्द केली. त्या सरसकट निर्णयालाही सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २००२ रोजी रद्द ठरविले. वादग्रस्त म्हणून नोंदलेल्या चारशेहून अधिक प्रकरणांची तपासणी मात्र दोन माजी न्यायमूर्तींच्या समितीकडे सोपविली, आणि त्यांतील पुष्कळ निवडी समितीला गुणवत्तेवर आधारलेल्या वाटल्या नाहीत. जो सदस्य म्हणून इतरांचे हिशेब तपासत होता त्याच्याच खात्याचा हिशेब आता सभागृहाने मागितला. विरोधी बाकांवरून त्याने वापरलेली साधने ह्या वेळी इतरांच्या हाती होती, ही संसदीय पद्धतीची निःपक्षपाती बाजू होय.

दुसरा प्रसंग तात्त्विक दृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम ह्या कंपन्यांतील सरकारी भाग विकण्याचा विचार त्या शासनात बळावला होता. माहूलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे दोन्ही कंपन्या मुंबईच्या पूर्व उपनगरांशी निगडित आहेत. नाईक ह्यांनी मंत्रिमंडळातच ह्या विक्रीला विरोध केला. १६ सप्टेंबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, १९७४ ते १९७७ मधील ज्या कायद्यांनी ह्या व्यवसायांचे राष्ट्रीयीकरण झाले, ते संसदेने बदलल्यावाचून विक्री करता येणार नाही. कार्यकारी सत्तेपेक्षा सभागृहाचा कायदा वरचढ आहे, हे तत्त्व त्याने पुन्हा अधोरेखित झाले.

८. पराभव आणि त्यानंतर

२००४ च्या निवडणुकीत चित्रपट अभिनेते गोविंदा ह्यांनी नाईक ह्यांचा ४८,२७१ मतांनी पराभव केला. २००९ साली संजय निरुपम ह्यांच्याकडून ते सहा हजारांहून कमी मतांनी हरले. कारणे एकेरी नव्हेत. मतदारसंघाची भाषिक व सामाजिक घडण बदलली होती, आणि १९६४ च्या गोरेगावातील मध्यमवर्गीय प्रवासी आता बहुसंख्य राहिला नव्हता. तरीही वार्षिक कार्यवृत्त छापणारा प्रतिनिधी आणि पडद्यावरचा लोकप्रिय नट ह्यांत मतदारांनी दुसऱ्याची निवड केली, ह्या घटनेतून एक बोध घ्यावाच लागतो. कामाच्या यादीवर आधारलेले प्रतिनिधित्व मतदाराच्या मनात कृतज्ञता निर्माण करते, निष्ठा करतेच असे नाही. झालेली सोय लवकरच हक्काची वाटू लागते, आणि तसे वाटणे हेच त्या कामाचे खरे यश असते.

पदाविना असलेल्या ह्या दशकात नाईक पुन्हा मूळ साधनाकडे वळले. तारापूर अणुवीज प्रकल्पाच्या तिसऱ्या व चौथ्या संचासाठी विस्थापित झालेल्या अक्करपट्टी व पोफरण गावांच्या पुनर्वसनाचा प्रश्न त्यांनी उच्च न्यायालयात नेला. कुष्ठपीडितांच्या प्रश्नावर राज्यसभेच्या विनंती अर्ज समितीपुढे त्यांनी इतरांसह अर्ज केला; समितीने ऑक्टोबर २००८ मध्ये आपल्या १३१ व्या अहवालात पुनर्वसनाच्या व भेदमूलक कायदे रद्द करण्याच्या शिफारशी केल्या. १८९८ चा ‘लेपर्स ॲक्ट’ २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ च्या कायद्याने काढून टाकण्यात आल्या. हा प्रवाह अनेकांच्या प्रयत्नांचा आहे. येथे नोंदवावयाचे ते इतकेच की, लोकसभेचे सदस्यत्व गेल्यावर सामान्य नागरिकाला उपलब्ध असलेले साधन, म्हणजे विनंती अर्ज, एका माजी मंत्र्याने वापरले. विरारपुढे डहाणूपर्यंत उपनगरी गाडी जावी ही त्यांनी पाठपुरावा केलेली मागणी १६ एप्रिल २०१३ रोजी पूर्ण झाली, तेव्हाही ते कोणत्याही पदावर नव्हते.

२०१४ ते २०१९ ह्या काळात ते उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. ‘चरैवेति! चरैवेति!!’ हे त्यांचे मराठी आत्मकथन २०१६ साली प्रसिद्ध झाले व अनेक भाषांत अनुवादित झाले. २०२४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली अशी की, राष्ट्रगीताची प्रथा, शिशुआहाराचा कायदा, शहराचे नाव आणि खासदार निधी ह्या चारही बाबी १९८९ ते १९९५ ह्या अल्प काळातील आहेत, आणि त्या काळात नाईक मंत्री नव्हते. मंत्रिपदाने कामाचा विस्तार वाढला, पण त्यातील बराचसा भाग खात्याच्या यंत्रणेचा होता व यंत्रणेचे दोषही मंत्र्याच्या माथी आले. दुसरी अशी की, ह्या यशात विरोधकांचा वाटा मोठा होता. नरसिंह राव ह्यांच्या शासनाने आणि शिवराज पाटील ह्यांच्यासारख्या सभापतींनी विरोधी सदस्याची सूचना सूचनेच्या गुणावर घेतली नसती, तर नियमपुस्तकातील साधने कोरडीच राहिली असती. सामान्य सदस्याचे सामर्थ्य अखेर सभागृहाच्या वृत्तीवर अवलंबून असते. गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाया जातो तेव्हा नुकसान मंत्र्याचे होत नाही. ज्याच्याजवळ प्रश्नावाचून दुसरे साधनच नाही त्या सदस्याचे आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या वस्तीचे ते असते.

तिसरी गोष्ट उपनगराविषयीची. स्वतःचे शासन नसलेल्या वस्तीने अर्ज लिहिण्याची कला आत्मसात केली आणि तिचा एक प्रतिनिधी ती कला घेऊन देशाच्या सभागृहात गेला. परंतु अर्जाच्या राजकारणाची मर्यादाही त्याच कारकीर्दीत दिसते : अर्जाने गाडी मिळते, पूल मिळतो, नावही मिळते, गाडीचे वेळापत्रक ठरविण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. तो अधिकार १९६४ साली गोरेगावच्या प्रवाशापाशी नव्हता, आणि ज्या महामंडळात रेल्वे मंत्रालय व राज्यशासन हे दोनच भागीदार आहेत, त्यातही त्याच्यासाठी जागा ठेवलेली नाही.